ऱ्हाईनकाठून : आधी निघालेली सायकल



मागच्या अंकात बॉनच्या जुन्या गावातल्या चेरीच्या फुलांवर दोन पानं भरली, तेव्हा संपादिकाबाईंचा फोन आला. "फुलं झाली, आता काहीतरी मुलांच्या उपयोगाचं लिहा." इंजिनियर माणसाला उपयोगाचं म्हटलं की गणितच आठवणार. आणि आमच्या घरात गेले तीन महिने गणिताशिवाय दुसरं काही शिजलेलं नाही, तेव्हा विषय शोधायला लांब जावं लागलं नाही.

आमची कन्या सातवीत आहे. फेब्रुवारीत तिने गणिताचा पेपर घरी आणला, त्यावर लाल शाईत ठळक ५. ही बातमी फोनवर नागपूरच्या मावशीला कळली, तेव्हा ती म्हणाली, "पाचपैकी पाच? शाब्बास!" आता तिला कसं सांगणार, की जर्मनीत १ म्हणजे उत्तम, ६ म्हणजे पार बुडालेला, आणि ५ म्हणजे बुडता बुडता वर आलेला एक हात! मी आपलं "हो, हो" म्हणून विषय बदलला. असो.

ज्या गणिताने घात केला ते तुम्हा-आम्हा सगळ्यांच्या ओळखीचं आहे. आपण चोर-पोलिसांचं केलं, इथे सायकल आणि मोफा. मोफा म्हणजे ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त पळायची परवानगी नसलेली इथली फटफटी. तर सकाळी ८ वाजता एक सायकलवाला ताशी १५ किलोमीटरने निघतो. १० वाजता त्याच जागेवरून त्याच रस्त्याने मोफावाला ताशी २५ ने निघतो. तो सायकलवाल्याला किती वाजता आणि किती अंतरावर गाठेल?

कन्येने काय केलं? दोन तासांत सायकल ३० किलोमीटर पुढे गेली, इथवर अगदी बरोबर. मग १५ आणि २५ यांची बेरीज ४०. तीस भागिले चाळीस, पाऊण तास. उत्तर : पावणे अकरा. खाली दुहेरी रेघ.

मी पेपर पाहिला आणि लगेच सुरू झालो. "अगं, दिशा एक असली की वेगांची वजाबाकी, दिशा उलट असली की बेरीज. सापेक्ष वेग म्हणतात त्याला. इतकं साधं सूत्र!" ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तू नेहमी सूत्र सांगतोस. कुठलं कधी लावायचं ते त्या वाक्यात लिहिलेलं नसतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आखेनच्या मास्टर्समध्ये मी याहून कितीतरी अवघड समीकरणं सोडवली होती, पण ती सगळी आधीच समीकरणं होती. सायकलवाल्याला समीकरणात बसवायचं काम कोणीतरी माझ्याआधी करून ठेवलेलं असायचं.

मग आला पालक-शिक्षक भेटीचा दिवस. इथे हा एक सोहळाच असतो. दर पालकाला दहा मिनिटं, बाहेर खुर्च्यांची रांग आणि आत बाई घड्याळ समोर ठेवून बसलेल्या. बाई सज्जन. त्यांनी वही उघडून दाखवलं, की नुसत्या आकडेमोडीत मुलगी चांगली आहे, पण मजकुराचं गणित आलं की आकडे उचलते आणि वाक्य तिथेच टाकते. एवढं बोलून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेला आहे : "घरी तुम्ही कोणती भाषा बोलता?"

घरी आल्यावर आमच्यात जुंपली, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलीला शिकवणी लावावी असं बाईंनी सुचवलं होतं. शिकवणीची मोकळी वेळ होती शनिवारी सकाळी, म्हणजे नेमकी आपल्या मंडळाच्या मराठी वर्गाची. आमच्या सौ. त्याच वर्गाला शिकवतात. मी म्हटलं, "सहा महिने मराठी राहू दे बाजूला. गणित बुडालं तर पुढचं सगळं बुडेल." त्या म्हणाल्या, "तुझं गणित काय जर्मनमध्ये झालं होतं? आणि आईच सांगायला लागली की आपली भाषा अडथळा आहे, तर त्या वर्गातल्या बाकीच्या मुलांना मी कोणत्या तोंडाने शिकवू?" दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे भांडण लांबलं. शेवटी ठरलं की ईस्टरच्या सुट्टीपर्यंत थांबायचं. तोवर मी शिकवायचं, आणि जमलं नाही तर शनिवार शिकवणीला.

मी पहिला प्रयोग केला तो अगदी इंजिनियरी थाटाचा. दोष भाषेचा आहे की गणिताचा, हे आधी तपासायचं. तेच गणित मी तिला मराठीत सांगितलं. तिने पुन्हा बेरीजच केली! म्हणजे जर्मन निर्दोष सुटली म्हणून मी खूश. पण आणखी दोन गणितं केली तेव्हा लक्षात आलं की इतकंही सरळ नाही. पाठ्यपुस्तकात "फोरश्प्रुंग" असा शब्द होता. म्हणजे आघाडी, जो आधी निघाला त्याची पुढची मजल. तिला वाटत होतं की श्प्रुंग म्हणजे उडी, तेव्हा कोणीतरी उडी मारली असणार. तसंच "आइनहोलेन" म्हणजे मागून येऊन गाठणं, "उबरहोलेन" म्हणजे ओलांडून पुढे जाणं, आणि "बेगेग्नेन" म्हणजे समोरासमोर भेटणं. या तिन्हींना ती घरातल्या भाषेत एकच शब्द वापरत होती : भेटणं. आता सांगा, भेटणं म्हटल्यावर बेरीज करायची की वजाबाकी? आपणही बोलताना म्हणतोच की, "थांब, तुला पुढच्या चौकात भेटतो." मग तो मागून येणार की समोरून? बाई पूर्ण चूक नव्हत्या. पण शनिवारचा वर्ग बंद करून हे सुटणार होतं असंही नाही, कारण ‘गाठणं’ हा शब्द तिला मराठीतही कोणी शिकवलेला नव्हता. त्या शनिवारी सौ.नी वर्गात गाठणं, ओलांडणं, मागे टाकणं, सामोरं येणं अशी क्रियापदं घेतली आणि मुलांना अंगणात पळवून दाखवली. एवढ्यावर गणित सुटलं नाही, पण वर्गाला त्या दिवशी कोणी कंटाळलं नाही.

गणित सुटायला सुरुवात झाली ती आमच्या अण्णांमुळे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सेक्शन कंट्रोलर म्हणून भुसावळच्या कंट्रोल ऑफिसमधून निवृत्त झाले. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तेव्हा कंट्रोलरच्या टेबलावर एक लांबरुंद चार्ट पसरलेला असायचा. आडव्या दिशेला वेळ, उभ्या दिशेला ओळीने स्टेशनं. स्टेशनमास्तर फोनवरून सांगणार, अमुक गाडी इतक्या वाजता सुटली. कंट्रोलर पेन्सिल आणि पट्टीने त्या गाडीची तिरपी रेघ पुढे ओढणार. गाडी जोरात असेल तर रेघ उभी चढते, रखडत असेल तर आडवी लोळते, आणि उभी असेल तर सरळ आडवी जाते. लहानपणी मी कधी डबा द्यायला गेलो की तो चार्ट पाहायचो. मला ते कोळ्याचं जाळं वाटायचं. अण्णा आठ तास त्या जाळ्यात बसून असायचे आणि घरी आल्यावर अर्धा तास कोणाशी बोलायचे नाहीत. का, ते मला या वर्षी कळलं.

रविवारी व्हिडिओवर बोलताना नात त्यांना म्हणाली, "आजोबा, मला ट्रेनचं गणित नाही येत." अण्णा म्हणाले, "येत नाही म्हणजे? बेटा, मी पस्तीस वर्षं तेच एक गणित केलं. कागद घे." आणि त्यांनी तिला गणित घातलं. भुसावळहून सहा वाजता पॅसेंजर सुटली, सरासरी ताशी ४०. सात वाजता मागून मेल सुटली, ताशी ८०. पाचोरा ७२ किलोमीटर धर, आणि मधली बारकी स्टेशनं सोडून दे.

"आता वेग विसर," अण्णा म्हणाले. "फक्त मधलं अंतर बघ. सात वाजता किती?"

"फिअर्त्सिश... चाळीस."

"बरं. पुढच्या तासात पॅसेंजर चाळीस पुढे पळाली. मेल ऐंशी आली. मधलं अंतर किती उरलं?"

ती थांबली. मग म्हणाली, "शून्य. आठ वाजता."

"म्हणजे तासाला किती कमी झालं?"

"चाळीस. अच्छा, ऐंशीतून चाळीस गेले! पण आजोबा, पुढची पळतेच आहे ना? मग ती अंतर वाढवते."

"हां! मागची कमी करते, पुढची वाढवते. म्हणून वजाबाकी. समोरून आली असती तर दोघींनी मिळून कमी केलं असतं. तेव्हा बेरीज."

मी शेजारी बसून ऐकत होतो. सापेक्ष वेग हा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही.

पण अण्णांचं गणित तिथे संपलेलं नव्हतं. गणिताच्या पुस्तकात गाठलं की उत्तर आलं, दुहेरी रेघ मारून मोकळे. त्यांनी तिला दोन्ही रेघा कागदावर काढायला लावल्या. रेघा मिळाल्या आठ वाजता, भुसावळपासून ८० किलोमीटरवर. "आणि पाचोरा कुठे आहे?" बहात्तरवर. म्हणजे रेघा मिळतात पाचोऱ्याच्या पुढे. "तिथे बाजूची लाईन नाही असं धर. मेल पॅसेंजरच्या डोक्यावरून उडी मारेल का?" आता नातीचे डोळे मोठे झाले. अण्णा म्हणाले, "एकाच दिशेच्या दोन रेघा दोन स्टेशनांच्या मधे मिळता कामा नयेत. मिळायच्या असतील तर स्टेशनातच. म्हणून पॅसेंजरला पाचोऱ्याला बाजूला घ्यायचं. ती तिथे किती वाजता पोचेल? मेल किती वाजता जाईल?" तिने भागाकार केले. पॅसेंजर ७ वाजून ४८ मिनिटांनी, मेल ७ वाजून ५४ मिनिटांनी. मधे सहा मिनिटं. "सहा मिनिटांत गाडी आत घ्यायची, सिग्नल बदलायचे आणि मेलला मोकळा रस्ता द्यायचा. जमतं, पण पॅसेंजर वाटेत पाच मिनिटं रखडली की संपलं. मग तिला आधीच्या स्टेशनावर धरायला लागतं. आणि पॅसेंजरमधले लोक शिव्या कोणाला देतात? मला."

पाचोऱ्याला खिडकीतून बाहेर बघत, "का बरं थांबवली?" म्हणत केळी खाणाऱ्यांत मीही असायचो. आमचं आजोळ चाळीसगावचं, त्यामुळे ती पॅसेंजर ठरलेली. घरातलाच माणूस ती गाडी थांबवतो आहे हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

ईस्टरच्या सुट्टीत मी दुसरा प्रयोग केला, नदीवर. आपल्यापैकी जे बॉनला येऊन गेले त्यांना ऱ्हाईनच्या काठचे मोठे पांढरे फलक आठवत असतील. त्यांवरचे आकडे म्हणजे कॉन्स्टान्झच्या पुलापासूनचे किलोमीटर. बॉनचा केनेडी पूल साधारण ६५५ वर येतो, आणि प्रवाहाविरुद्ध दक्षिणेकडे जावं तसे आकडे उतरत जातात. अशी फुकटची मोजपट्टी घराजवळ असताना मी इतकी वर्षं नुसताच फिरायला जात होतो!

मालवाहू बोट प्रवाहाविरुद्ध चढताना बिचारी धापा टाकत असते. आम्ही एक निवडली, दोन फलकांमधला वेळ घड्याळावर लावला, बरोबर सहा मिनिटं. म्हणजे ताशी १०. मग मुद्दाम तिला पुढे जाऊ दिलं. पुलाजवळच्या फलकावरून ती गेल्यावर दहा मिनिटं आम्ही प्रेत्झेल खात बसलो. कन्येने पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. दहा मिनिटांत बोट एक किलोमीटर आणि वर दोन तृतीयांश पुढे. आमच्या सायकली ताशी १५. अंतर तासाला ५ ने कमी होणार, म्हणून वीस मिनिटं. तेवढ्यात आम्ही पाच किलोमीटर जाऊ, म्हणजे ६५० च्या फलकापाशी. "बाबा, तपासायचं कसं?" बोट एकूण तीस मिनिटं चालली, ताशी दहाने पाच किलोमीटर. दोघांचंही पाच. बरोबर. हे तपासणं मात्र मी तिच्या मागे लागून शिकवलं, तेवढं श्रेय मला द्या. पावणे अकराचं ते उत्तर तिने असं तपासलं असतं, तर तेव्हा सायकल ४१ किलोमीटरच्या पुढे आणि मोफा १९ च्या आत, हे तिचं तिलाच दिसलं असतं.

निघालो. जुन्या संसदेवरून, ‘लांगर ऑयगेन’ नावाच्या त्या उंच इमारतीखालून, मग ऱ्हाईनाउए बागेतून, जी १९७९ च्या राष्ट्रीय उद्यान-प्रदर्शनासाठी तयार झाली. दक्षिणेकडचा पूल मागे पडला, आणि ६५० चा आकडा दिसायच्या आधीच बोटीची शेपूट आमच्या बरोबरीला आली. जवळजवळ दोन मिनिटं लवकर. मी वाऱ्याला श्रेय देत होतो, पण कन्या म्हणाली, "नाही बाबा. आपण शेपूट गाठली. मोजलं होतं नाक." अगदी खरं! वेळ लावताना आम्ही बोटीचं नाक फलकाला टेकलं तेव्हा घड्याळ सुरू केलं होतं. बोट असेल एकशे दहा मीटर, ऱ्हाईनवर ही नेहमीची लांबी. ताशी ५ च्या फरकाने तेवढं कापायला ऐंशी सेकंद लागतात. आइनहोलेन आणि उबरहोलेन यांच्यातला फरक म्हणजे ते ऐंशी सेकंद. उरलेलं अर्धं मिनिट मी अजूनही वाऱ्याला देतो.

परतताना प्रवाहाबरोबर उतरणारी बोट आली आणि आम्हाला मागे टाकून गेली. "ही नाही सापडायची," कन्या म्हणाली. "अंतर वाढतंच जाणार." ज्याचा वेग जास्त तो पुढे असेल तर हे गणित कधीच सुटत नाही, हे पाठ्यपुस्तक फारसं सांगत नाही, कारण तिथे प्रत्येक गणिताला उत्तर असावं लागतं.

घरी आल्यावर मी थोडी शोधाशोध केली, तुम्हाला माझी खोड ठाऊक आहे. मी जिथे शिकलो त्या आखेनला बाराशे वर्षांपूर्वी शार्लमेन बादशहाच्या दरबारी आल्क्विन नावाचा पंडित होता. तो ८०४ साली वारला. त्याच्या नावावर मोडणाऱ्या कोड्यांच्या संग्रहात कुत्रा आणि ससा आहेत. ससा दीडशे फूट पुढे, सशाची उडी ७ फूट, कुत्र्याची ९ फूट. उडीमागे दोन फूट कमी, म्हणजे पंचाहत्तर उड्या. आखेनला दोन वर्षं काढली, पण हे मला तिथे कोणी सांगितलं नाही. त्याच्याही तीनशे वर्षं आधी, ४९९ साली, तेवीस वर्षांच्या आर्यभटाने गणितपादात एकाच श्लोकात नियम बसवून टाकला आहे : समोरासमोर येणाऱ्यांच्या मधलं अंतर वेगांच्या बेरजेने भागा, एका दिशेने जाणाऱ्यांचं वजाबाकीने. आता तुम्ही म्हणाल, आर्यभटाला रेल्वे कुठे होती? त्याची रेल्वे आकाशात होती.

आणि हे मला अण्णांनीच दाखवून दिलं, तेही न कळत. अण्णा संकष्टी करतात. नातीने विचारलं, चंद्र रोज उशिरा का उगवतो? मी कागद घेतला. चंद्र रोज सुमारे १३.१८ अंश पुढे सरकतो, सूर्य सुमारे ०.९९ अंश. फरक १२.१९. सूर्याच्या हिशेबाने दिवस चोवीस तासांचा, पण पृथ्वीने एक फेरा पूर्ण केला तोवर चंद्र बारा अंश पुढे सटकलेला, मग त्याला गाठायला सरासरी पन्नास मिनिटं जास्त लागतात. अमावास्येला चंद्राने सूर्याला गाठलेलं असतं. तिथून पुढे चंद्राने बारा अंशांची आघाडी घेतली की एक तिथी संपते. तीनशे साठ भागिले १२.१९ केलं की साडेएकोणतीस दिवस, आला महिना. असे बारा महिने वर्षाला अकरा दिवसांनी कमी पडतात, म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिकमास : २०२३ साली अधिक श्रावण, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. भिंतीवरचं कालनिर्णय हा सायकल आणि मोफाचा चार्टच आहे म्हणा ना! फरक एवढाच, की चंद्राची चाल एकसारखी नाही, म्हणून तिथी कधी वीस तासांच्या आसपास, तर कधी सव्वीस तासांची. ती संपते सगळ्या जगात एकाच क्षणी, पण बॉनला आणि पुण्याला त्या क्षणी घड्याळ वेगळं आणि सूर्यही वेगळ्या ठिकाणी. गणपती नक्की कोणत्या दिवशी, यावर आपल्या कार्यकारिणीत दरवर्षी जो वाद होतो त्याचं मूळ इथे आहे. अर्थात शेवटी आपण हॉल मिळेल त्या शनिवारीच बसवतो, तो भाग वेगळा.

आता बॉनची गंमत. हेरमान याकोबी हे नाव लोकमान्यांमुळे आपल्याला ऐकून ठाऊक असतं. वेदांच्या प्राचीनतेबद्दल टिळक आणि याकोबी १८९३ साली एकमेकांपासून स्वतंत्रपणे जवळपास सारख्या निष्कर्षाला पोचले होते. हे याकोबी १८८९ पासून आमच्या बॉनला संस्कृतचे प्राध्यापक होते आणि १९३७ साली इथेच वारले. त्यांनी केलेलं एक काम मात्र कमी लोकांना माहीत असतं. जुन्या शिलालेखांत तिथी-वार दिलेले असतात, त्यांवरून इंग्रजी तारीख काढायची कोष्टकं त्यांनी तयार केली. ती ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात, १८९२ साली छापली गेली. म्हणजे चंद्राने सूर्याला आधी कधी गाठलं होतं ते मागे जाऊन शोधायचं, तेही बॉनमध्ये बसून! आपल्याकडे शंकर बाळकृष्ण दीक्षित त्याच सुमारास हेच काम करत होते. त्यांचा आणि रॉबर्ट सूएलचा पंचांगावरचा इंग्रजी ग्रंथ १८९६ सालचा.

तो पहिला खंड चाळताना मी चक्रावलो. त्यातच कीलहॉर्न यांनी, जे पूर्वी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते, एक लेख छापला आहे : पाटण्याचा शिलालेख. पाटणं म्हणजे आमच्या चाळीसगावजवळचं! भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला, त्या देणगीचा हा तेराव्या शतकाच्या आरंभीचा लेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रथम उजेडात आणला. आजोळी असताना पाटणादेवीला मी कितीदा गेलो, धबधबा पाहिला, डबा खाल्ला आणि परत आलो. ते गाव गणिताचं आहे हे मला बॉनच्या ग्रंथालयात कळलं.

कन्येला या सगळ्यातलं आवडलं ते लीलावतीतलं मोराचं गणित. नऊ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी बीळ, आणि सत्तावीस हातांवरून बिळाकडे येणारा साप. दोघांचा वेग सारखा, मोर तिरपी झेप घेतो. बिळापासून किती हातांवर पकडेल? ती म्हणाली, वेगच दिलेला नाही. मग म्हणाली, लागतच नाही, कारण दोघं सारखंच अंतर जाणार. बारा हात, कारण तेव्हा दोघांचंही पंधरा होतं. हे तिने एकटीने काढलं. मी शेजारच्या खोलीत पोळ्या लाटत होतो, आणि त्या कशा झाल्या ते विचारू नका.

मे महिन्यात पुन्हा पेपर झाला. या वेळी ३ आला, शेजारी एक उणे चिन्ह. मावशीला सांगितलं तेव्हा ती हळहळली, "अगं बाई, पाचावरून तीनावर?" शिकवणी लागलेली नाही, शनिवारचा वर्ग चालू आहे. पुढच्या वर्षी काय करायचं यावर आमचं अजून एकमत नाही.

त्या पेपरात दोन गाड्यांचं गणित होतं. सावकाश गाडी ९ वाजता ताशी ६० ने, वेगवान १० वाजता ताशी १०० ने. उत्तर साडेअकरा, १५० किलोमीटर. कन्येने समीकरणही मांडलं आणि आलेखही काढला. पण उभ्या अक्षावर, १४० च्या जवळ, तिने एक आडवी खूण करून तिथे ‘पाचोरा’ असं लिहिलं. बाईंनी त्यापुढे लाल प्रश्नचिन्ह काढलं आणि पेपर देताना विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, इथे सावकाश गाडी थांबते, नाहीतर मागची तिच्यावर आदळेल.

रविवारी तिने हे अण्णांना सांगितलं. अण्णांनी कानाला हात लावून नीट ऐकून घेतलं, आणि विचारलं, "किती मिनिटं थांबवलीस?"